खूण केलेला मासा

युरोपातल्या थंड, वाहत्या पाण्यात गळाने ट्राउट पकडणारे बरेचसे हौशी लोक आता मासा घरी नेत नाहीत. गळ काढतात, एक फोटो घेतात आणि मासा पुन्हा पाण्यात सोडतात. पुढच्या मोसमात त्याच डोहात साधारण तेवढाच मासा लागला की प्रश्न पडतो, हा तोच का? उत्तर माशाच्या अंगावरच असते. तपकिरी ट्राउटच्या कुशीवर आणि कल्ल्याच्या झाकणावर काळे-तांबडे ठिपके असतात आणि त्यांची मांडणी दोन माशांत सारखी नसते. मासा वाढतो, काही नवे ठिपके उमटतात, काही फिके होतात. तरी जुन्या फोटोशी शांतपणे ताडून पाहिले तर ओळख बहुधा पटते.

माशाला ओळखण्याचा हा मार्ग सोपा आहे, कारण ट्राउटला ठिपके आहेत. पण ज्या माशांच्या थव्यात सगळेच एकसारखे दिसतात, तिथे काय करायचे? तिथे माणसाला खूण करावी लागते, आणि खूण करायची म्हणजे बहुतेक वेळा थोडी इजा करावी लागते. ही इजा किती महागात पडू शकते आणि तिच्यातून काय हाती लागू शकते, हे साधारण नव्वद वर्षांपूर्वी ऑस्ट्रियातल्या एका सरोवराच्या काठावर दिसले. खूण करणारे होते कार्ल फॉन फ्रिश. मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडणारे शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचले आहे. त्यांची सुरुवात मात्र माशांपासून झाली, हे फार कमी लोकांना ठाऊक असते.

फ्रिश यांचा जन्म 20 नोव्हेंबर 1886 रोजी व्हिएन्नात झाला. वडील शल्यचिकित्सक आणि मूत्ररोगांचे प्राध्यापक, आईकडचे एक्स्नर घराणे विद्वानांचे. मामा झिग्मुंड एक्स्नर हे शरीरक्रियाशास्त्रातले मोठे नाव, कीटकांच्या डोळ्यांवर त्यांचे मूलभूत काम आहे. चार भावांत कार्ल धाकटे. वोल्फगांगझे या सरोवराकाठी ब्रुनविंकल नावाच्या ठिकाणी कुटुंबाने एक जुनी पाणचक्की विकत घेतली होती आणि उन्हाळा तिथे जायचा. हा मुलगा तासन् तास पाण्याकाठी पोटावर पडून राहायचा. घरी त्याने शंभराहून अधिक जातींचे प्राणी पाळले होते आणि आईने ते सगळे चालवून घेतले. आईचा हा सोशिकपणा विज्ञानाच्या फारच कामी आला म्हणायचा.

वडिलांच्या आग्रहाखातर त्यांनी व्हिएन्नात वैद्यकशास्त्राला नाव घातले. काही सत्रे केली, शरीररचना शिकले, मग मन रमेना म्हणून म्युनिकला रिचर्ड हेर्टविग यांच्याकडे प्राणिशास्त्र शिकायला गेले. पण वैद्यकातली शिस्त सुटली नाही. 1910 मध्ये त्यांना पदवी मिळाली ती माशांच्या रंगबदलावरच्या कामासाठी.

हा मासा म्हणजे मिनो. बोटभर लांबीचा, ओढ्यांत आणि सरोवराच्या काठाला थव्याने फिरणारा. आपल्या रोहू-कटलाच्या मोठ्या कुळातलाच, फक्त आकाराने किरकोळ. गडद तळावर ठेवला की गडद होतो, फिक्या तळावर फिका. कातडीतल्या रंगपेशींमधले काळे कण पसरतात किंवा एका जागी गोळा होतात, त्यावर हे ठरते. हे कण गोळा करण्याचा हुकूम कुठून जातो, याचा फ्रिश यांनी एकेक नस कापून माग काढला. तो हुकूम मेंदूच्या खालच्या भागातून मज्जारज्जूत उतरतो, ठरावीक मणक्यापाशी बाहेर पडतो आणि सिंपथेटिक नसांच्या साखळीतून अंगभर जातो. साखळी एका जागी कापली की त्या पलीकडची कातडी काळवंडते आणि तशीच राहते. माणसातही याच्या जवळपासची गोष्ट डॉक्टरांना दिसते. मानेतली सिंपथेटिक नस गाठीने दाबली गेली किंवा दुखावली, की त्या बाजूची पापणी किंचित उतरते, बाहुली लहान होते आणि चेहऱ्याच्या त्या भागाला घाम येईनासा होतो. नस कुठे दुखावली आहे, ते चेहराच सांगतो. मिनोच्या बाबतीत ते कातडीचा रंग सांगत होता.

याच काळात त्यांना आणखी एक विलक्षण गोष्ट आढळली. आंधळ्या मिनोच्या कपाळावर प्रकाश पाडला किंवा तो अडवला, तरी माशाचा रंग बदलत होता. कपाळाखाली पिनिअल ग्रंथी असते. ती काढून टाकली तरी परिणाम पुरता गेला नाही. म्हणजे डोळ्यांवाचूनही मेंदूच्या आत खोल कुठेतरी उजेड ओळखला जात होता. हे 1911 चे काम आहे.

मग वाद उभा राहिला. म्युनिकच्या नेत्ररुग्णालयाचे प्रमुख कार्ल फॉन हेस यांचे ठाम मत होते की मासे आणि कीटक रंगांधळे असतात. हेस वयाने आणि मानाने खूप मोठे, फ्रिश पंचविशीतले. फ्रिश यांनी मिनोंना रंगीत कागदावर खाणे द्यायची सवय लावली. मग तोच रंग करड्या कागदांच्या रांगेत ठेवला, अगदी फिक्यापासून गडदपर्यंत. मासे बरोबर रंगाकडे गेले. हेस यांना ते पटले नाही. पुढे 1914 पर्यंत मधमाश्यांवर तसाच प्रयोग झाला आणि त्या रंग ओळखतात हेही दिसले. फुलांना रंग कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर त्यावर अवलंबून होते.

पहिल्या महायुद्धात अधू दृष्टीमुळे त्यांना सैन्यात घेतले नाही. भाऊ ओटो शल्यचिकित्सक होता आणि व्हिएन्नातले एक रुग्णालय सांभाळत होता. त्याच्या हाताखाली कार्ल यांनी जंतुशास्त्राची छोटी प्रयोगशाळा उभारली आणि परिचारिकांना जंतुशास्त्र शिकवले. त्यातल्याच एका परिचारिकेशी, मार्गारेट मोर यांच्याशी, 1917 मध्ये त्यांचे लग्न झाले.

1921 मध्ये ते रोस्टॉकला प्राध्यापक झाले. तिथले नामवंत कानाचे डॉक्टर ओटो कोर्नर यांनी मासे बहिरे असतात असा निष्कर्ष काढला होता. फ्रिश यांनी एक छोटा अमेरिकन मांगूर जातीतला मासा घेतला. त्याचे नाव झेव्हर्ल. नजरेने तो काही ताडू नये म्हणून त्याचे डोळे काढले होते. आजच्या नीतिसमितीने यावर बरेच प्रश्न विचारले असते, आणि ते योग्यच झाले असते. झेव्हर्ल मातीच्या नळीत पडून असायचा. फ्रिश शिटी वाजवून त्याला मांसाचा तुकडा द्यायचे. काही दिवसांनी नुसती शिटी वाजली की झेव्हर्ल नळीतून बाहेर येऊन शोधू लागला. कोर्नर पाहायला आले, त्यांनी स्वतः पाहिले आणि आपली चूक मोकळेपणाने कबूल केली. नेत्ररोगतज्ज्ञ हेस यांच्याशी झालेल्या कडवट वादानंतर हा अनुभव फ्रिश यांना किती सुखाचा वाटला असेल!

मधल्या काळात, 1919 च्या वसंतात, म्युनिकमध्ये त्यांनी काचेच्या पेटीतल्या एकाच पोळ्यावर लक्ष ठेवले होते. साखरपाण्याच्या वाटीवर आलेल्या काही मधमाश्यांच्या पाठीवर त्यांनी लाल रंगाचा ठिपका दिला. त्या पोळ्यावर परतल्या, गोल गोल नाचल्या आणि थोड्याच वेळात वाटीवर गर्दी झाली. हजारो मधमाश्यांतून ती एक ओळखता आली म्हणूनच तिचा नाच हा निरोप आहे हे कळले. पुढे त्यांनी ठिपक्यांची आकडेमोडच बसवली. छातीच्या पुढच्या कडेला पांढरा ठिपका म्हणजे एक, लाल दोन, निळा तीन, पिवळा चार, हिरवा पाच. मागच्या कडेला तेच रंग सहापासून पुढे. दोन ठिपके शेजारी आले की दोन अंकी संख्या, पोटावरचा ठिपका शेकड्याचा. रंगाची पूड लाखेच्या द्रावणात कालवून बारीक कुंचल्याने लावायची. अशा रीतीने पाच रंगांत 599 मधमाश्या वेगवेगळ्या ओळखता येत आणि सराव झाला की आकडा उडताना वाचता येई. रुग्णालयात एकाच नावाचे दोन रुग्ण शेजारच्या खाटांवर आले की मनगटावरच्या पट्टीचे मोल कळते, त्यातलाच हा प्रकार. मधमाशीला त्या ठिपक्याचे काही वाटत नाही, ती आपले काम करत राहते.

माशावर मात्र रंग टिकत नाही. त्याच्या कातडीवर बुळबुळीत थर असतो, आणि तो खरवडला तर जंतू आणि बुरशी आत शिरते. म्हणून तीसच्या दशकात ब्रुनविंकलच्या काठाला मिनोंच्या थव्यावर प्रयोग करताना फ्रिश यांनी स्वतःच्या जुन्या प्रबंधातली युक्ती काढली. थव्यातला एक मासा पकडायचा, शेपटीजवळची सिंपथेटिक नस बारीकशा छेदातून कापायची आणि सोडून द्यायचा. शेपटी काळी पडणार, मासा कायमचा ओळखू येणार. शस्त्रक्रिया नगण्य आणि खूण माशाच्याच रंगाची. यापेक्षा निरुपद्रवी खूण सुचणे कठीण होते.

काळ्या शेपटीचा मासा थव्यात सोडला. खाण्याच्या जागी निर्धास्त फिरणारे मिनो एकाएकी दचकले, एकमेकांना चिकटून गोळा झाले आणि खोल पाण्याकडे पळाले. रोज हातातून खायला येणारे मासे नंतरही त्या जागेला बिचकू लागले.

दुसऱ्या कुणी हा दिवस वाया गेला म्हणून वहीत काट मारली असती. फ्रिश यांनी प्रयोगाचा मूळ विषयच बाजूला ठेवला. मासे घाबरले कशाला? काळ्या शेपटीला की पकडण्याच्या धांदलीला? की आणखी कशाला? त्यांनी एकेक शक्यता तपासली. धडधाकट मासा पकडून सोडला तर थवा बिथरत नव्हता. कातडीला जखम झालेला मासा सोडला की बिथरत होता. मग मासा सोडायचीही गरज उरली नाही. मिनोच्या कातडीचा छोटा तुकडा कुटून पाण्यात कालवला आणि ते पाणी नळीने खाण्याच्या जागी सोडले, तरी तीच पळापळ. स्नायू किंवा आतड्यांच्या पाण्याने तसे जोरात काही होत नव्हते. ज्या माशांची वासाची नस कापली होती ते अशा पाण्यातही शांत राहत. म्हणजे कातडीत एक पदार्थ आहे, तो जखमेतून पाण्यात मिसळतो आणि भाईबंदांना वासाने कळतो. त्यांनी त्याला भयद्रव्य अशा अर्थाचे जर्मन नाव दिले. पहिली बातमी 1938 मध्ये छापली, सविस्तर निबंध 1941 मध्ये.

नंतरच्या अभ्यासकांना हे द्रव्य ज्या पेशींत असते त्या पेशी सापडल्या. त्यांना बाहेर उघडणारे तोंडच नसते. कातडी फाटली तरच त्या फुटतात. मासा स्वतः होऊन इशारा देत नाही, शत्रूचे दात लागल्यावर इशारा आपोआप निसटतो. ही व्यवस्था मिनो, कार्प, मांगूर अशा एका मोठ्या गटाची आहे. ट्राउट त्या गटात येत नाही.

1941 हेच साल फ्रिश यांच्या आयुष्यात दुसऱ्या एका कारणाने काळे ठरले. 1925 पासून ते म्युनिकला हेर्टविग यांच्या जागी प्राध्यापक होते. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशांतून तिथे नवी, सुसज्ज प्राणिशास्त्र संस्था उभी राहिली होती. 1933 मध्ये नाझी सत्तेवर आले आणि सरकारी नोकरांना आपले पूर्वज कोण ते सिद्ध करावे लागू लागले. फ्रिश यांच्या आईची आई जन्माने ज्यू घराण्यातली, पुढे कॅथलिक झालेली. आजीचे कागद बराच काळ अपुरे होते. फ्रिश यांच्यावर राग असलेले लोक विद्यापीठातच होते. संस्थेत ते ज्यू सहायकांना, स्त्री संशोधकांना जागा देतात, ही त्यांची तक्रार. हे लोक कागदांचा पाठपुरावा करत राहिले. जानेवारी 1941 मध्ये मंत्रालयाचे पत्र आले. त्या पत्राने फ्रिश यांना दुसऱ्या दर्जाचे मिश्ररक्ताचे, म्हणजे एक चतुर्थांश ज्यू, ठरवले. त्यांना पदावरून दूर करण्याचा निर्णय झाला. चौपन्न वर्षांच्या माणसाची आजवरची ओळख एका वर्गवारीने पुसून टाकली. ज्यांच्यावर याहून मोठा शिक्का बसला त्यांचे काय झाले, हे जगाला माहीत आहे. फ्रिश यांचा जीव तरी सुरक्षित होता.

सहकारी शास्त्रज्ञांनी रदबदली केली. त्यांना वाचवले ते मात्र एका सूक्ष्मजीवाने. नोझिमा नावाचा परजीवी मधमाशीच्या आतड्यात वाढतो. 1940 नंतर त्याची मोठी साथ आली आणि जर्मनीतल्या मधमाश्यांच्या लाखो वसाहती मेल्या. परागण थांबले तर फळे नाहीत, तेलबिया नाहीत. युद्धकाळात अन्नखात्याला हे परवडणारे नव्हते. मधमाश्यांविषयी देशात सर्वांत जास्त कळणारा माणूस काढून टाकायचा कसा? बडतर्फी युद्ध संपेपर्यंत पुढे ढकलली गेली. फ्रिश यांच्याकडे नोझिमाचे काम आले. त्याच्याच जोडीला मधमाश्यांना ठरावीक पिकाकडे वासाने वळवता येईल का, हे पाहायचे कामही आले.

1944 च्या उन्हाळ्यात बॉम्बहल्ल्यांत म्युनिकमधले त्यांचे घर गेले, संस्थेचेही मोठे नुकसान झाले. ते ब्रुनविंकलला आले, आणि तिथेच, ज्या काठावर मिनो पळाले होते त्याच परिसरात, मधमाश्यांच्या नाचाचे कोडे सुटले. वीस वर्षे ते मानत आले होते की गोल नाच मधुरसाचा आणि पोट हलवत केलेला आठाच्या आकाराचा नाच परागाचा. या उन्हाळ्यात त्यांनी साखरपाण्याची वाटी दूर दूर नेऊन पाहिली आणि दिसले की आपण चुकलो होतो. गोल नाच जवळच्या खाण्यासाठी, आठाचा लांबच्या. आठाच्या मधल्या सरळ धावेची दिशा उभ्या पोळ्यावर जेवढा कोन करते, तेवढ्याच कोनात सूर्याच्या डाव्या-उजव्या बाजूला अन्न असते. अंतर जितके जास्त तितका नाच संथ. आपलीच छापलेली चूक त्यांनी स्वतः छापून दुरुस्त केली. वैद्यकात हे आजही वाटते तितके सहज घडत नाही.

युद्धानंतर ते काही वर्षे ग्राझला गेले, 1950 मध्ये म्युनिकला परतले आणि 1958 मध्ये निवृत्त झाले. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर पन्नाशीच्या दशकात श्रीलंकेत आले आणि आग्या, सातेरी आणि फुलोरी या आपल्याकडेही असलेल्या मधमाश्यांचे नाच त्यांनी अभ्यासले. फुलोरी माशी उघड्या फांदीवरच्या पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचते आणि थेट अन्नाच्या दिशेने धावते. सह्याद्रीत भटकणाऱ्याला ते छोटे पोळे एखाद्या झुडपात दिसू शकते, पण अर्थातच हातभर लांबूनच पाहिलेले बरे.

1973 मध्ये कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांच्यासह फ्रिश यांना नोबेल मिळाले. प्राणिशास्त्राला नोबेल नाही, त्यामुळे ते शरीरक्रिया व वैद्यक विभागात दिले गेले. वैद्यकाचे शिक्षण अर्धवट सोडलेल्या माणसाला ते सत्त्याऐंशीच्या वर्षी मिळाले, याची वडिलांना गंमत वाटली असती. 12 जून 1982 रोजी म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले.

खुणांची साधने आता बदलली आहेत. मधमाशीच्या पाठीवर आकडे छापलेली चकती चिकटवतात. माशाच्या पोटात तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, काचेत बंद केलेली चिप सुईने सोडतात, पाळीव कुत्र्या-मांजरांना बसवतात तशीच. पण कुठल्याही खुणेचा अभ्यास करताना खूण केलेले आणि न केलेले मासे शेजारी ठेवून दोघांची वाढ आणि वागणूक तपासावी लागते. खुणेमुळेच मासा वेगळा वागू लागला, तर मिळालेली माहिती त्या माशाची नसून आपल्या सुईची असते.

ट्राउटचा फोटो काढणाऱ्याला सुई लागत नाही, तरी त्याच्या हातून इजा होऊ शकतेच. कोरड्या हातांनी मासा धरला तर कातडीवरचा बुळबुळीत थर निघतो आणि काही दिवसांत त्या जागी कापसासारखी बुरशी धरू शकते. म्हणून आधी हात ओले करायचे, मासा शक्यतो पाण्यातच जाळीत ठेवायचा, बाहेर काढला तर काही सेकंदांपुरता. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी होतो. दमलेला मासा मग सोडल्यावरही मरू शकतो, तेव्हा अशा दिवशी गळ न टाकलेलाच बरा. आणि फोटो दर वेळी एकाच बाजूचा काढायचा, डावी म्हणजे डावीच. माशाच्या दोन्ही कुशींवरचे ठिपके वेगळे असतात. एकदा डावी आणि एकदा उजवी टिपली, तर एकाच माशाची नोंद दोन मासे म्हणून होते.